लालपाठीच्या पानावरची विभूती

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी, मातीच्या कुंडीत एक बेगोनिया आहे. तळहाताएवढी पानं, वरून गडद हिरवी, पाठ लाल. माझ्या बायकोच्या माहेरी, लातूरला, तिला सगळे लालपाठी म्हणतात. लग्नानंतर बायको नांदेडला आली तेव्हा आईच्या कुंडीतली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. एसटीत तिनं ती फांदी स्वतःच्या मांडीवर धरली आणि दोन्ही बॅगा माझ्या मांडीवर दिल्या. पुढे टँकरच्या एका उन्हाळ्यात लातूरची मूळ लालपाठी वाळून गेली. माणसांच्या अंघोळीला पाणी नव्हतं, तिथं कुंडीला कोण घालणार. तेव्हापासून आमच्या घरातली ही एकच राहिली.

बायको गेल्या दसऱ्याच्या आधी गेली. चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी नव्हती.

आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, बसवून. तिच्या तळहातावर तिचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, स्वामींनी तिच्या कपाळाला विभूती लावली, मी बाजूला उभा होतो. माती टाका म्हणाले, टाकली. बेलाचं पान टाका म्हणाले, तेही टाकलं. आमच्यात सुतक पाळत नाहीत, पण नातलग बायकांचे हात काही स्वस्थ बसत नाहीत. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी तिच्या साड्या वाटून टाकल्या, चादरी धुतल्या, फरशी तीनदा पुसली, आणि तिची विभूतीची पितळी डबी चिंचेनं घासून लख्ख करून ओट्यावर पालथी घातली. कुणी वाईट हेतूनं केलं नाही. मी खुर्चीत बसून बघत होतो. थांबा म्हणायला तोंड उघडावं लागतं, तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

कचेरीत सगळे म्हणायचे, साहेब, तुम्ही फार धीराचे. धीर कसला? दात काढताना दवाखान्यात इंजेक्शन देतात, मग तासभर गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. दाबून पाहिलं तर हात लागतो, पण कुणाच्या गालाला लागतो कोण जाणे. मी वेळेवर उठत होतो, डबा आणत होतो, फाईली काढत होतो. उलट काम आधीपेक्षा जास्त होत होतं. रडू आलं नाही. यायला पाहिजे असं वाटायचं, आणि नाही आलं याचंही फार वाटायचं नाही.

सकाळी एक तांब्या पाणी मात्र मी लालपाठीला घालत होतो. बायको दवाखान्यात जाताना तेवढं एकच सांगून गेली होती.

तिची रोजची पद्धत अशी. अंघोळ झाली की देवघरापुढे बसून तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची. विभूतीची वडी ओली करून तीन बोटांनी कपाळावर तीन आडव्या रेघा ओढायची, मग गळ्याला, मग दंडाला. आणि बोटाला उरलेली विभूती झाडाला. एवढी वर्षं, रोज. बाहेरून आलेल्या माणसाला ते गमतीचं वाटायचं. मीसुद्धा तिला चिडवायचो, "दीक्षा दिलीस का झाडाला?"

ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा बरं हाय ते. गळ्यातलं काढून कपाटात तरी ठेवत नाही."

माझं लिंग खरंच कपाटात असतं, एलआयसीच्या कागदांखाली, चांदीच्या करंडीत. ती झाडाकडे जायची तेव्हा मी दाढी करत असायचो किंवा पेपर वाचत असायचो. झाडाकडे जातेय एवढं पेपरच्या कडेवरून दिसायचं.

मार्गशीर्षात थंडी पडली तेव्हाची गोष्ट. रविवार होता. वीज गेल्यामुळे टीव्ही बंद पडला आणि बघायला दुसरं काहीच उरलं नाही म्हणून माझी नजर शेजारच्या झाडावर गेली. एका मोठ्या पानावर पांढरे ठिपके होते. बोटाच्या टोकाएवढे. एक, त्याच्या शेजारी दुसरा, जरा वर तिसरा.

मी उठून जवळ गेलो. पांढरं, पिठूळ, पानाच्या हिरव्यावर उठून दिसणारं. तीन बोटांचं. बायकांनी सगळं घर धुतलं, पण झाडाला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे तिच्या हातचं एवढं राहिलं होतं.

त्या दिवशी मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण कितीतरी दिवसांनी मी एका जागी मुद्दाम उभा होतो.

त्या पानाचं तोंड खिडकीकडे होतं, खुर्चीतून ते तिरकंच दिसायचं. माझी खुर्ची पलीकडच्या बाजूला. मी कुंडी धरून अर्धी फिरवली, म्हणजे ते पान बसल्या जागेवरून मला दिसेल. बायको कुंडी कधी फिरवू द्यायची नाही. कुंडीचं तोंड खोलीकडे पाहिजे, म्हणायची. कुंडीला तोंड कुठून आलं हे मी तिला विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं, म्हणून फिरवली.

माझ्या सासूबाई लातूरला मुलाकडे असतात. बायको त्यांना अव्वा म्हणायची, म्हणून मीही अव्वाच म्हणतो. मुलगी गेल्यापासून त्या रोज संध्याकाळी सातला मला फोन करायच्या. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. इतकी वर्षं मधे ती होती, तिनंच दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं. त्यामुळे आमचा फोन ठरलेला.

"जेवलात का, बापू?"

"अजून नाही. जेवतो. तुम्ही?"

"जेवायलाच बसून राहिले आता."

मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसायचो आणि त्या ठेवायच्या. त्या रविवारी मात्र माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. मी म्हणालो, "अव्वा, लालपाठीवर तिची विभूती आहे अजून. बोटं दिसतात."

त्यांनी पलीकडे सुनेला हाक मारली. मग म्हणाल्या, "फोटो पाठवा."

मी त्यांच्या सुनेच्या फोनवर फोटो पाठवला. पाच मिनिटांनी परत फोन आला. 

"दिसलं," त्या म्हणाल्या. "असू द्या, बापू. असू द्या तसंच."

झालं. माझ्या हातात काम आलं. ती बोटं पुसली जाऊ नयेत म्हणून मी काय काय केलं, ते आता लिहिताना माझं मलाच हसू येतं. पूर्वी मी पाणी वरून, पानांवरून घालायचो, ते बंद केलं. वाऱ्यानं विभूती उडेल म्हणून हॉलचा पंखा बंद केला, थंडीच होती म्हणा. खिडकी बंद केली आणि पडदा ओढला, म्हणजे रस्त्यावरची धूळ नको. नदी जवळ असल्यामुळे आमच्या इमारतीत थंडीत तसाही ओलसरपणा असतो, भिंतीला हात लावला तर गारठा लागतो. एवढं करून समाधान झालं नाही तेव्हा बाकीच्या कुंड्या आणून तिच्याभोवती दाटीनं लावल्या, येता-जाता कुणाचा धक्का लागू नये म्हणून. त्यात एक मनी प्लांट होता, एक कोरफड, आणि एक कलंचो. कलंचो म्हणजे छोट्या नारिंगी फुलांचं, जाड पानांचं झाड. बायको गेल्यावर महिन्याभरानं कचेरीतल्या लोकांनी ते मला आणून दिलं होतं. माणूस गेलेल्या घरी काय न्यावं हे कुणाला सुचलं नसणार, मग कुंडी आणली. बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

मग मी रोज कचेरीतून आल्यावर खुर्चीत बसून ते पान बघायचो. आठवड्यात बोटं वाढली. आधी तीन होती, मग पाच-सहा, मग दुसऱ्या पानावर. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी स्वतःला सांगितलं की ती होतीच, अंधारात आपल्याला दिसली नव्हती. माणसाला जे पाहिजे ते मानायला फार डोकं लागत नाही, आणि माझं डोकं तसंही चालत नव्हतं.

सात वाजता अव्वा विचारायच्या, "हाय का अजून?"

मी म्हणायचो, "आहे."

आमचं बोलणं त्यामुळे एका वाक्यानं वाढलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मी पाणी घालत होतो. कलंचोच्या पानांवर पांढरं पीठ दिसलं. आधी वाटलं, लालपाठीवरचं सांडलं असेल. बोट लावून बघितलं, पानाच्या खालूनही होतं, देठावरही होतं. मी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. कलंचो या घरात आला तेव्हा बायको जाऊन महिना झाला होता. तिनं त्याला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग हे लावलं कुणी?

माणूस हिशेब लावतो तेव्हा उत्तर पुढे दिसत असलं तरी एकेक पायरी चढून जातो, तसं मी केलं. कलंचोवर तिनं लावलं नाही. कलंचोवरचं आणि लालपाठीवरचं दिसायला एकच आहे. त्यापुढची पायरी मी त्या दिवशी चढलो नाही. कलंचोचं एक पान तोडून रुमालात घेतलं, आणि थोडा वेळ थांबून लालपाठीचंही एक घेतलं, खालचं, जुनं, ज्याच्यावर सगळ्यात कमी पांढरं होतं ते. ऑटो करून नर्सरीत गेलो.

नर्सरीवाला माझ्याच वयाचा. चष्मा कपाळावर, हाताला माती. मी रुमाल उघडून त्याच्यापुढे धरला. त्यानं लालपाठीचं पान उचललं, अंगठा फिरवला, आणि एका फटक्यात ते पांढरं पुसून अंगठा पँटीला घासला.

"भुरी हाय, साहेब."

मला त्याचा इतका राग आला की त्याच्या हातातून पान हिसकावून घ्यावं वाटलं. किती दिवसांत मला कशाचा राग आला नव्हता. मी नुसतं विचारलं, "विभूती नाही?"

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करतोय का बघत असावा. "विभूती कशाला येईल पानावर? बुरशी हाय ही. हे बघा, विभूती चोळली की खरखर लागती, वास बी येतो. हिला काय वास न्हाई. आन विभूती वाढत न्हाई, साहेब. ही वाढती."

मग त्यानं घराची चौकशी केली. खिडकी बंद असते का, विचारलं. असते. झाडं जवळजवळ ठेवली का? ठेवली. ऊन?

"पडदा असतो."

"मग तुम्ही तर तिला गादी घालून दिली की," तो म्हणाला. "हिला पानावर पाणी लागत न्हाई, लई जणांना तसं वाटतं. हिला कोंदट हवा पायजे, सावली पायजे, आन वारं नको. बास. एकीची दुसरीला लागली असंच न्हाई. दोघींना घर सारखंच भेटलं."

मग काय करायचं तेही त्यानं सांगितलं, हात चालू ठेवूनच, कुणाची तरी गुलाबाची कलमं बांधता बांधता. कुंड्या लांब लांब करायच्या. जास्त खराब झालेली पानं कात्रीनं कापून पिशवीत बांधून बाहेर टाकायची, कुंडीत पडू द्यायची नाहीत, आणि कात्री धुऊन ठेवायची. बाकीची पानं ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसायची. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा खायचा सोडा आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारायचं, पण आधी एकाच पानावर मारून एक दिवस बघायचं, कारण बेगोनियाचं पान नाजूक, जळतं. उन्हात मारायचं नाही. आठ-आठ दिवसांनी परत. शेतातलं गंधक घरात आणायचं नाही. पाणी सकाळी, मुळाशी. आणि खिडकी उघडी.

"नवं झाड आणलं की पंधरा दिवस येगळं ठेवायचं, साहेब. पाहुणा हाय समजून. मग घरात घ्यायचं."

मी विचारलं, "पुसलं नाही तर?"

"तर जाईल," तो म्हणाला. "आधी पानं वाकडी होतील, मग गळतील. एक फांदी तरी राहील का न्हाई, सांगता येत न्हाई."

घरी येऊन मी कलंचोचा इलाज केला. पानं कापली, पुसली, सोड्याचं पाणी मारलं, गॅलरीत उजेडात ठेवला. पंधरा दिवसांत सुधारला. कचेरीतल्या लोकांचं झाड कसं टवटवीत झालं. लालपाठीला मात्र मी हात लावला नाही.

मला कळलं नव्हतं असं नाही. सगळं कळलं होतं. पण फडकं ओलं करून तिच्यापुढे उभा राहिलो की वाटायचं, सगळीच भुरी कशी असेल. पहिली तीन बोटं तर तिची असतील. त्या तिन्हींवरूनच पुढे वाढली असेल. कोणतं तिचं आणि कोणतं रोगाचं हे मला ओळखता येत नव्हतं, आणि ओळखता येत नाही तोवर पुसता येत नव्हतं. ओलं फडकं परत नळाखाली धुऊन दोरीवर टाकायचो. असं किती वेळा केलं असेल. खिडकीही बंदच ठेवली. शहाणासुरता माणूस, वर्षानुवर्षं लोकांच्या अर्जावर शेरे मारलेला, आणि घरात एक झाड डोळ्यांदेखत मारत होतो. खालची पानं मुडपली. मग एकेक गळायला लागली. गळलेली मी उचलून वहीत ठेवत होतो.

"हाय का अजून?" सात वाजता.

"आहे, अव्वा."

"पानं कशी हायत?"

"चांगली आहेत."

एवढं धडधडीत खोटं मी बायकोशीही कधी बोललो नव्हतो. पण सांगू काय? तुमच्या मुलीच्या हातचं म्हणून तुम्हाला फोटो पाठवला, ती बुरशी निघाली, आणि तुमच्या कुंडीतली शेवटची फांदी त्या बुरशीनं चाललीय? म्हाताऱ्या माणसाकडून एकदा मुलगी गेली, आता हेही काढून घेऊ? त्यापेक्षा खोटं बरं होतं. झाड मेलं की मेलं म्हणून सांगू, उन्हाळा लागला म्हणू. लातूरचं तसंच गेलं होतं, त्यांना पटेल.

माघ संपत आला तेव्हा एक दिवस त्या म्हणाल्या, "मी उद्या येऊन राहिले, बापू."

मी म्हणालो, "कशाला एवढा त्रास? एसटीचा प्रवास, तुमचे गुडघे…"

"लालपाठी बघायला येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी वाटलं, त्या यायच्या आत सगळी पानं पुसून टाकावीत, म्हणजे निदान रोगट दिसणार नाही. पण मग विभूती कुठं गेली म्हणतील. न पुसावं तर झाडाची अवस्था दिसेल. मी कुंडी थोडी पडद्याआड सरकवली. दुसरं काही सुचलं नाही.

अव्वा अकराच्या सुमाराला आल्या. चाकूर, अहमदपूर, लोहा करत, खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूश. हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी. आल्या त्या आधी अंघोळीला गेल्या. मग देवघरापुढे बसून पूजा केली. ओट्यावरची ती पालथी डबी त्यांनी सरळ केली, आपल्याकडची विभूतीची वडी त्यात ठेवली. मी खुर्चीत बसून होतो. दवाखान्यात नंबर यायची वाट बघतो तसा.

त्या हॉलमध्ये आल्या, पडदा बाजूला केला, आणि लालपाठीपुढे खाली बसल्या. अकरा पानं उरली होती. त्यांनी एक पान उलटं केलं, सुलटं केलं.

"भुरी लई वाढली," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठून त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"आमच्या चाकूरच्या रानात उडदावर दरसाली यायची. आंब्याच्या मोहरावर बी यायची. लहानपणापासून बघून राहिले मी."

"म्हणजे तुम्हाला फोटोत…"

"फोटोतच कळलं."

"मग बोलला का नाहीत, अव्वा?"

त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुम्ही पहिल्यांदा आपण होऊन काहीतरी बोललात. ती गेल्यापासून. व्हय आन न्हाई सोडून. म्हणलं, राहू द्यावं. थोडे दिवस राहू द्यावं. झाड काय, दम धरतंय." मग पानाकडे बघत म्हणाल्या, "पण आता दम संपला हिचा. तुम्ही रोज म्हणता चांगली हायत, चांगली हायत. तुमच्या आवाजावरून कळत न्हाई का मला?"

म्हणजे आम्ही दोघं रोज सातला एकमेकांना तेच खोटं सांगत होतो. मी त्यांच्यासाठी संक्रांतीपासून, आणि त्या माझ्यासाठी पहिल्या फोटोपासून. आणि दोघांच्या मधे ते झाड.

त्या उठल्या आणि खिडकी उघडली. दोन्ही झडपा, सताड. रस्त्याचा आवाज आत आला. मला कात्री आणायला लावली. अकरातली सहा पानं कापली, पिशवीत टाकून तोंड बांधलं. वहीतली सुकलेली पानंही त्यांना दिसली. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, आणि मीच ती पानं पिशवीत टाकली. सोड्याचं पाणी मी केलं, त्याची मला एव्हाना सवय होती. मग म्हणाल्या, "हॉलमधी नको, घाण होती. कुंडी न्या गॅलरीत, मोरीपाशी."

मी कुंडी उचलून गॅलरीतल्या मोरीत ठेवली. अव्वा शेजारी पाटावर बसल्या. उरलेली पाच पानं मी ओल्या फडक्यानं पुसली, वरून, खालून. पहिल्या पानाला हात थांबला. मग अव्वा बघत होत्या म्हणून पुसलं. पांढरं फडक्याला लागलं, खाली स्वच्छ हिरवं निघालं. मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. काहीच झालं नाही. दुसरं पुसलं, तिसरं पुसलं. मग बाटलीनं फवारलं, सगळीकडून, जरा जास्तच. पाणी पानांवरून देठावर, देठावरून कुंडीवर ओघळायला लागलं. सगळीकडून मारायचं म्हणून मी कुंडी फिरवली. एवढे दिवस खिडकीच्या भिंतीकडे असलेली बाजू माझ्यासमोर आली.

कुंडीच्या काठाखाली, मातीच्या तांबड्या अंगावर, तीन आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. जाड, एकावर एक बसून पुट चढलेल्या, मधोमध बोटांच्या खाचा पडलेल्या. साबणाचं पाणी त्यांच्यावरून वाहत होतं. वरची रेघ गेली होती. मधली माझ्यासमोर विरघळली. मी हात पुढे केला तर हातानंच तिसरी फरफटली.

"अव्वा," मी म्हणालो, "ती इथं लावायची?"

"मग कुठं? पानाला कोण लावतंय? पान गुदमरतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बघितलं न्हाई का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एवढी वर्षं रोज सकाळी, माझ्यापासून चार पावलांवर. आणि कुंडीला तोंड कुठं असतं हे मी एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं. जिथं तिचा हात कधी लागलाच नाही ते पान मी दोन-अडीच महिने राखलं, आणि त्याच्यासाठी तिची रेघ भिंतीकडे फिरवून ठेवली.

मोरीतून पांढुरकं पाणी गेलं. अव्वा ते जाईपर्यंत बघत होत्या. मी म्हणालो, "माझ्या हातानं गेली."

"जाऊ द्या. रोज नवी लावायची असती ती, ठेवायची नसती." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत गेल्या आणि डबी घेऊन आल्या. वडी पाण्यात बुडवून माझ्यापुढे धरली. "लावा."

"मी?"

"मग कोण? मी उद्या जाणार."

मी तीन बोटं वडीवर फिरवली. विभूती गार होती, बोटांना खरखर लागली, आणि वास आला. तो वास ती स्वयंपाकघरात माझ्याजवळून गेली की यायचा. मी कुंडीच्या काठाखाली, जिथं तिच्या रेघा होत्या तिथं बोटं टेकवून आडवी ओढली. माझी बोटं जाड. तिच्या तीन रेघा बसायच्या तिथं माझ्या दोनच मावल्या.

"झालं, बापू," अव्वा म्हणाल्या. "उचला आता."

मला बोटं उचलता येईनात.